आश्रमशाळांतील बाल फुटबॉलपटूंच्या सरावाबाबत निवेदन

प्रति,
मा. अपर आयुक्त,
आदिवासी विकास विभाग, नागपूर.

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आश्रमशाळांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना तोल व समन्वयाचे नियमित प्रशिक्षण मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही या दोन्ही जिल्ह्यांतील पालक व क्रीडा शिक्षक आपणांस सविनय निवेदन सादर करतो की, आमच्या मुलांना दमाची कमतरता नाही. ती अडतात वळताना आणि उतरताना. भरधाव धावताना एकदम दिशा बदलली किंवा उडीनंतर एका पायावर उतरले, की गुडघा आत झुकतो, घोटा मुरगळतो. 12 ते 14 या वयात उंची झपाट्याने वाढते आणि पायांचा अंदाज चुकू लागतो. शाळेच्या संघात निवड होते ती याच वयात. त्यात सुब्रतो मुखर्जी चषकाच्या शालेय फेऱ्या ऐन पावसाळ्यात, निसरड्या मैदानावर. भामरागड किंवा एटापल्लीकडच्या मुलाच्या गुडघ्याला मार लागला, तर उपचारासाठी त्याला किती दूर न्यावे लागते, हे आपण जाणताच.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स व झेक प्रजासत्ताकातील लहान खेळाडूंना फिफाचा ‘11 प्लस किड्स’ हा सराव दिला, तेव्हा इजा 48 टक्क्यांनी कमी झाल्या. त्यात आहे तरी काय? एका पायावर उभे राहून जोडीदाराकडून आलेला चेंडू झेलणे, धावता धावता इशाऱ्यावर थांबणे, उडी मारून गुडघा वाकवून अलगद उतरणे, पडताना खांद्यावरून लोळणे. लंगडी आणि आट्यापाट्या खेळलेल्या, पावसाळ्यात बांबूच्या गेडीवर चिखल तुडवणाऱ्या आमच्या पोरांना हे शिकायला वेळ लागणार नाही. शिकवणारा मात्र हवा.

म्हणून आमची मागणी आहे की, सकाळच्या व्यायामातील 20 मिनिटे आठवड्यातून तीनदा या सरावासाठी वेळापत्रकातच राखून ठेवावीत. मुले निवासी असल्याने हे सहज शक्य आहे. चुन्याची फक्की, दोर व जुने टायर एवढे साहित्य पुरे. गुडघा आत झुकतो आहे हे जाणकार डोळ्यांनाच दिसते. त्यामुळे क्रीडा शिक्षकांचे प्रशिक्षण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या मदतीने, जूनअखेर शाळा उघडण्यापूर्वी घ्यावे. पद रिक्त असेल तेथे मानधनावर मार्गदर्शक नेमावा.

मुलींना यातून वगळू नये, हे आम्ही विशेष आग्रहाने मांडतो. किशोरवयात गुडघ्याचा अस्थिबंध दुखावण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा अधिक असतो, आणि संघ मुलांचाच धरून नियोजन होते हा आमचा अनुभव आहे.

2018 मध्ये ‘मिशन शौर्य’अंतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या 5 विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. ते आपल्याच विभागाने दिलेल्या शिस्तबद्ध प्रशिक्षणाचे फळ होते. फुटबॉलसाठी आम्ही त्याच्या तुलनेत फारच थोडे मागत आहोत.

तरी याबाबत आदेश काढून त्याची प्रत पाचही प्रकल्प कार्यालयांना, म्हणजे चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड येथे पाठवावी, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
आश्रमशाळांतील खेळाडूंचे पालक व क्रीडा शिक्षक,
चंद्रपूर व गडचिरोली

प्रत माहितीस्तव : जिल्हा क्रीडा अधिकारी, चंद्रपूर व गडचिरोली