नाव गावात, मतदार परमुलखात

2024 च्या लोकसभा निवडणुकीत हिंगोली मतदारसंघात 26 एप्रिल रोजी 63.54 टक्के मतदान झाले. दक्षिण मुंबई आणि कल्याण येथील जेमतेम 50 टक्क्यांशी तुलना केल्यास हा आकडा समाधानकारक वाटेल. पण शंभरातील छत्तीस मतदार केंद्रापर्यंत पोहोचलेच नाहीत, हे त्याच आकड्याचे दुसरे अंग आहे. या छत्तीस जणांना सरसकट उदासीन ठरवून कर्तव्याचे डोस पाजणे सोपे असते. रोगाचे निदान मात्र त्यामुळे चुकते.

महानगरातील मतदार घरी असूनही केंद्रावर जात नाही; हिंगोलीतील मतदार अनेकदा घरीच नसतो. वसमतचा काही भाग पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर भिजतो. सेनगाव, औंढा, कळमनुरी येथील माळरानावरची शेती मात्र बव्हंशी पावसाच्या भरवशावर चालते. सोयाबीन निघाले की वाड्या-तांड्यांवरील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. तात्पुरते बाहेरगावी गेल्याने यादीतील नाव कमी होत नाही, ही कायद्यातील तरतूद योग्यच आहे. परंतु नाव राखणाऱ्या व्यवस्थेने मत नोंदवण्याची सोय केलेली नाही. टपाली मतदान सैनिकांना आणि निवडणूक कर्मचाऱ्यांना उपलब्ध आहे. 2024 मध्ये 85 वर्षांवरील वृद्धांना घरून मतदान करता आले. ऊसतोड कामगार यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. त्या वर्षी गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते!

हा केवळ टक्केवारीचा प्रश्न आहे काय? ज्याला पाणी आणि रोजगार यांच्या अभावी गाव सोडावे लागते, त्याचेच मत पाणी आणि रोजगाराच्या निर्णयात मोजले जात नाही. मग त्याच्या प्रश्नाची तमा कोण बाळगणार? उमेदवाराने पाठवलेल्या गाडीतून तो आलाच, तर भाड्यासोबत मिंधेपणही येते. मतदारांची अशी फुकट ने-आण 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरवली आहे.

उपाय आहेत. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये 72 मतदारसंघांचे मतदान एकाच ठिकाणी घेऊ शकणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. पक्षांच्या आक्षेपांमुळे ती अडली. आक्षेप गंभीर असतील, तर त्यांचे निरसन करून मर्यादित प्रयोग तरी व्हावा. कामगाराला मतदानासाठी भरपगारी सुट्टी देणे बंधनकारक आहे. मात्र कोल्हापूरच्या फडातून सेनगावला येऊन परतण्यास एक दिवस पुरत नाही. कारखाने आणि मुकादमांनी दोन दिवसांची सवड द्यावी, प्रशासनाने पक्षनिरपेक्षपणे एस.टी. गाड्या पुरवाव्यात आणि निवडणुकीच्या तारखा ठरवताना हंगामाचा विचार व्हावा. एप्रिलच्या उन्हात केंद्रावर सावली आणि पाणी असावे, हे सांगण्याची वेळ येऊ नये.

शासनाकडे बोट दाखवून समाजाची जबाबदारी संपत नाही. यादीत नाव नोंदवण्यासाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत. गावातील शिक्षक, महाविद्यालयीन युवक, भजनी मंडळे आणि सज्जनशक्तीने प्रत्येक तांड्यावर यादीचे वाचन करावे, वगळलेली नावे शोधावीत, कोणते कुटुंब कोठे जाणार याची नोंद ठेवावी. दसऱ्यानंतर टोळीची गाडी गावची वेस ओलांडते. हे काम त्यापूर्वी झाले पाहिजे. मतदानाच्या आदल्या दिवशी काढलेली प्रभातफेरी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.