आधी प्रशिक्षक घडवा

हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये भारतीय पुरुष व्हॉलीबॉल संघाने दक्षिण कोरियाला नमवून सहावे स्थान मिळविले आणि या खेळाविषयीच्या आशा पल्लवित झाल्या. मात्र आशियाई स्पर्धेतील भारताचे अखेरचे पदक १९८६ मधील सोलचे कांस्य आहे, हेही विसरून चालणार नाही. वास्तविक गुणवत्तेची वानवा नाही. २००३ मध्ये भारतीय मुले जागतिक युवा स्पर्धेत उपविजेती ठरली होती, तर २००९ मध्ये पुण्यातील जागतिक कनिष्ठ स्पर्धेत भारताने उपांत्य फेरी गाठली होती. कोवळ्या वयात चमकणारे खेळाडू पुढे मागे का पडतात? कारणे अनेक असली, तरी त्यांतील एक शालेय मैदानावरच सापडते.

शाळांमधून हा खेळ शिकविण्याची जबाबदारी प्रामुख्याने शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांवर असते. त्यांच्या पदवी अभ्यासक्रमात व्हॉलीबॉल हा अनेक खेळांपैकी एक असतो. क्लबांमध्ये माजी खेळाडू ही धुरा वाहतात. त्यांना खेळ अवगत असतो, पण स्वतः उत्तम स्मॅश मारणे वेगळे आणि बारा वर्षांच्या मुलाला ते शिकविणे वेगळे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उपलब्ध आहे. परंतु नोकरी सांभाळून तो करणे तालुक्याच्या गावातील शिक्षकाला सहज शक्य नसते.

उणीव केवळ तंत्राची नाही. वाढीच्या वयात गुडघ्याखालचा, स्नायुबंध हाडाला जोडला जातो तो भाग नाजूक असतो. रोज शेकडो उड्या मारायला लावल्यास तेथे दुखणे जडते. त्यामुळे सरावातील उड्यांची मोजदाद ठेवणे, खांद्याला विश्रांती देणे आणि वयानुसार नेटची उंची कमी करणे हेही प्रशिक्षकाचे काम ठरते. 'थोडे दुखणारच' या सल्ल्याने खेळाडू घडत नाहीत, गमावले मात्र जातात.

दुसरा प्रश्न घाईने केलेल्या निवडीचा. उंच मुलाला नेटजवळ उभे करायचे आणि बुटक्याला कायमचे मागे ठेवायचे, हा सोपा मार्ग झाला. तेराव्या वर्षी बुटका असलेला मुलगा सतराव्या वर्षी सर्वांत उंच असू शकतो. पण जिल्हास्तरीय करंडक आणि दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण यांवर शाळेचा व पालकांचा डोळा असताना चार वर्षांची वाट कोण पाहणार? व्यवस्था प्रशिक्षकाला यंदाचा निकाल विचारते. तोही तेवढाच देतो.

मुलींच्या वाढत्या सहभागामुळे सुरक्षिततेचे भानही अनिवार्य ठरले आहे. बाल लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. त्याची ओळख प्रत्येक प्रशिक्षण वर्गात व्हायला हवी.

यासाठी मोठ्या योजनेची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जिल्हावार उजळणी वर्ग घ्यावेत, नवख्याला अनुभवी प्रशिक्षकासोबत एक हंगाम काम करू द्यावे आणि मूल्यमापनाचा निकष बदलावा. किती करंडक आणले यापेक्षा तीन वर्षांनंतर किती मुले धडधाकट राहून खेळत आहेत, हे विचारले गेले, तर प्रशिक्षकाची शिकविण्याची रीतही बदलेल.