शस्त्रक्रियेआधीची दहा मिनिटे

स्तनातली कर्करोगाची गाठ पूर्ण काढली, कडेला एकही रोगट पेशी उरली नाही, असा अहवाल येतो. तरीही काही रुग्णांमध्ये दोन-चार वर्षांनी तोच रोग हाडात किंवा फुप्फुसात डोके वर काढतो. भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. मृत्यू ९८ हजारांच्या घरात. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या त्या तास-दोन तासांत नेमके काय घडते, हा प्रश्न घराघरांतला आहे.

कर्करोगाची पेशी एकटी वाढत नाही. भोवतालच्या परिस्थितीनुसार वागते. त्यातले दोन घटक महत्त्वाचे: संप्रेरके आणि ऑक्सिजन.

संप्रेरकांचा संबंध जुना आहे. १८९६ मध्ये स्कॉटिश शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनातल्या गाठी आक्रसतात, हे दाखवले. इस्ट्रोजेन अनेक गाठींचे खाद्य असते, म्हणूनच टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या दिल्या जातात.

ऑक्सिजनचे गणित मात्र उलटे आहे. गाठ वेगाने वाढते, रक्तवाहिन्या तिच्या मागे पडतात. आतल्या पेशींचा श्वास कोंडतो. पण त्या सगळ्याच मरत नाहीत. एचआयएफ नावाचे प्रथिन जागे होते, नव्या रक्तवाहिन्या मागवते आणि पेशींना स्थलांतराची तयारी करायला लावते. दुष्काळात गाव सोडून निघावे, तसे. ऑक्सिजनची ही जाणीव पेशींना कशी होते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. अशा गुदमरलेल्या पेशींना मारण्यासाठी किरणोत्साराची मात्राही जवळपास तिप्पट लागते.

आता हे दोन धागे ऑपरेशनच्या टेबलावर एकत्र येतात. शस्त्रक्रियेत गाठीच्या रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या जातात, म्हणजे गाठ निघेपर्यंत तिच्या पेशींवर ताण येतो. या ताणात काही पेशी निसटत असतील का? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या शंकेचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला.

डॉ. राजेंद्र बडवे यांचा १९९१ चा ‘लॅन्सेट’मधला लेख मासिक पाळीचा टप्पा आणि शस्त्रक्रियेचा परिणाम यांचा संबंध मांडणारा होता. त्यातून पुढचा प्रश्न आला: पाळीची वाट पाहण्याऐवजी प्रोजेस्टेरॉनच आधी दिले तर? टाटामध्ये एक हजार महिलांवर चाचणी झाली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी एकच इंजेक्शन मिळाले. २०११ मध्ये निकाल आले. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता ठोस फरक दिसला नाही. मात्र रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचलेल्या महिलांमध्ये पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ५४.७ वरून ६५.३ टक्के झाले. उपगटातला निकाल हा अंतिम शब्द नसतो. तो पुढच्या चाचणीसाठीचा इशारा असतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधील डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेत पुढे दिसले, की प्रोजेस्टेरॉनमुळे कर्करोगाच्या पेशींची सरकण्याची क्षमता घटते, ते ओळखणारा ग्राहक रेणू पेशीत नसला तरीही.

दुसरी चाचणी अधिक स्पष्ट बोलली. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १६०० महिलांवर झालेल्या या चाचणीत निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचले. दात काढताना देतात, तेच भूल देणारे औषध. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के. चार टक्के किरकोळ वाटतात, पण शंभर महिलांमागे जवळपास चार जीव, तेही अगदी स्वस्त औषधाने.

अडचण इथेच आहे. पेटंट नसलेल्या औषधाचा प्रचार कोणतीही कंपनी करत नाही. सार्वजनिक पैशातून निघालेले ज्ञान मीरा रोड किंवा भाईंदरच्या छोट्या नर्सिंग होमपर्यंत पोहोचवायचे, तर ते काम शासनाचे, वैद्यकीय संघटनांचे आणि थोडे रुग्णांचेही. ‘डॉक्टर, गाठीभोवती लिडोकेनचे इंजेक्शन द्याल का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

दोन सावधगिरी मात्र हव्यात. पहिली, प्रोजेस्टेरॉन स्वतःहून घेऊ नये. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनसोबत त्याच्या कृत्रिम रूपाच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००२ मध्ये दिसले. एकच इंजेक्शन आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्या या वेगळ्या गोष्टी. दुसरी, गाठीत ऑक्सिजन कमी असतो म्हणून ऑक्सिजन किंवा ओझोन घेतल्याने कर्करोग बरा होतो, असे सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. गाठीच्या आतपर्यंत तो पोहोचवणाऱ्या रक्तवाहिन्याच तिथे धड नसतात. आणि पाळीच्या तारखेसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलणेही योग्य नाही. स्तनात गाठ जाणवली, तर पहिला निर्णय एकच: तपासणी, आणि तीही याच आठवड्यात.