चर्चा खिशात, सभा ओस

हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने सभा भरविण्यावर सरकारी परवानगीचे बंधन घातले होते. उस्मानाबाद जिल्ह्यातील माणसांनी एकत्र बसणे हेच तेव्हा राजकीय कृत्य ठरे. 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट कोसळली. आज त्याच धाराशिव जिल्ह्यात सभेला बंदी नाही. तरीही अनेक गावांत ग्रामसभा ओस पडतात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र मध्यरात्रीपर्यंत वाद रंगतात. कार्यकर्त्यांनी या विसंगतीचा गांभीर्याने विचार केला पाहिजे.

या साधनाला तुच्छ लेखणे चूक ठरेल. ऑगस्ट 2016 मध्ये उस्मानाबादेत निघालेल्या मराठा मूक मोर्चाचे निरोप मोबाइलवरून घरोघर पोचले आणि एरवी मोर्चात न दिसणाऱ्या स्त्रियाही रस्त्यावर आल्या. मोर्चाच्या मागण्यांविषयी मतभेद असतील. पण त्या निरोपांमागे गावोगावच्या बैठका होत्या, हे विसरता येणार नाही.

बैठकीवाचून निरोप काय करतो, हे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली होती. संतप्त जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! जेथे गावाने विचार करावयाचा, तेथेच गावाचा विवेक हरपला. पुढे कंपनीने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा घातली. परंतु खातरजमा करण्याची सवय कंपनी लावू शकत नाही. ती समोरासमोरच्या चर्चेतूनच लागते.

ग्रुपमधून कोणाला काढावे, हे ॲडमिन ठरवितो. ग्रामसभेतून मतदाराला काढण्याचा अधिकार सरपंचालाही नाही. तेथे बोलणाऱ्याला उत्तर द्यावे लागते आणि ठराव इतिवृत्तात नोंदला जातो. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. ग्रुपवर अंगठा उमटविणारे एवढे लोक चावडीवर येऊ नयेत काय?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत परांडा, भूम भागातील बुडालेल्या शेतांची छायाचित्रे मोबाइलवरून सर्वत्र फिरली. पण छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे. बटईने शेती करणारा, मजुरी बुडालेला शेतमजूर, मोबाइल नसलेली विधवा यांपैकी कोणाचे नाव यादीतून सुटले, हे यादी चावडीवर मोठ्याने वाचल्यावरच कळते.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच : ग्रुप सोडू नका, त्यावर ग्रामसभेची तारीख व विषय कळवा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्या दारी स्वतः जा. सभेनंतर ठरावाची प्रत मागून घ्या आणि तीच ग्रुपवर टाका, म्हणजे पुढील सभेत अंमलबजावणीचा जाब विचारता येईल.