बॉम्ब कोठे पडतो? लढाऊ विमानांच्या ‘वास्तवदर्शी’ खेळांविषयी

२०२५ च्या जानेवारीत ईगल डायनॅमिक्स या कंपनीने ‘डीसीएस’ नावाच्या आपल्या संगणकीय खेळात अमेरिकेचे एफ-३५ हे लढाऊ विमान दाखल करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी पंतप्रधान मोदींच्या उपस्थितीत हेच विमान भारताला देण्याचा मार्ग मोकळा करीत असल्याचे सांगितले. या दोन घटनांमागे काही संगनमत होते असे कोणी समजू नये; तो पोरकटपणा होईल. परंतु एकच यंत्र एकीकडे हौशी मंडळींच्या टेबलावर आणि दुसरीकडे गरीब देशाच्या तिजोरीवर एकाच सुमारास घिरट्या घालू लागते, तेव्हा त्या हौसेचा विचार ‘करमणुकीचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारणे कम्युनिस्टांना परवडणारे नाही.

ज्या वाचकांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नाणे टाकून शत्रूची विमाने टिपण्याचा जुना चाळा तो हा नव्हे. येथे विमानाचे इंजिन सुरू करावयाचे तर खऱ्या कॉकपिटातील खटके खऱ्याच क्रमाने दाबावे लागतात. रडार, इंधन, शस्त्रे, वळताना शरीरावर येणारा दाब या सर्वांचे गणित संगणक करीत असतो आणि सोबतची पुस्तिका शेकडो पानांची असते. ती पाठ करणारे तरुण आहेत, निवृत्त तंत्रज्ञ आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. त्यांच्या लेखी सर्वांत मोठा सद्गुण म्हणजे ‘वास्तवता’, आणि अमुक खेळात तमुक विमान खऱ्यापेक्षा किंचित लवकर वळते एवढ्यावरून त्यांची महिनोन्महिने भांडणे चालतात.

आपल्यापैकी काही कॉम्रेड्स हा सारा प्रकार युद्धखोरीचे व्यसन म्हणून एका वाक्यात निकालात काढतात. हे मत आम्हांला मान्य नाही. यंत्र कसे चालते हे मुळापासून समजून घेण्याची ओढ ही कामगाराच्या हातून निर्माण झालेल्या वस्तूविषयीची ओढ आहे. तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याला जेट इंजिनाचे कार्य कळते तो ज्ञानाच्या बाबतीत अनेक प्रचारकांच्या पुढेच आहे. आमचा आक्षेप या मंडळींच्या वास्तवप्रेमावर नाही. ते वास्तवप्रेम अर्ध्या वाटेवर का थांबते, आणि तेथे ते कोण थांबवितो, एवढेच आम्हांला विचारावयाचे आहे.

या खेळाचा आणि लष्कराचा संबंध आजचा नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन व पियानो बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ मध्ये ऑर्गनाचेच भाते वापरून डुलणारे लुटुपुटीचे विमान बनविले. प्रारंभी ते खपले करमणुकीच्या उद्यानांत. १९३४ मध्ये अमेरिकी सेनेच्या वैमानिकांना टपाल वाहून नेण्याच्या कामास जुंपण्यात आले, खराब हवेत एकामागून एक वैमानिक मेले, तेव्हा कोठे सेनेने सहा यंत्रे विकत घेतली. आज वाहतूक उलट दिशेनेही चालते. ‘डीसीएस’चा २०११ चा ए-१० सी हा खेळ अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी तयार केलेल्या प्रशिक्षण-प्रणालीतून निघाला. जत्रेतला पाळणा छावणीत जातो आणि छावणीतले साधन जत्रेत येते, असा हा जुना घरोबा आहे.

आता ‘वास्तवता’ या शब्दाची थोडी तपासणी करू. मायक्रोप्रोज ही अमेरिकी कंपनी ज्या दोघांनी १९८२ मध्ये काढली त्यांपैकी एक हवाई दलाचा वैमानिक राहिलेला होता. तिच्या ‘एफ-१५ स्ट्राइक ईगल’ या १९८४ पासूनच्या मालिकेत खेळाडूला लिबिया, पर्शियन आखात आणि व्हिएतनाम येथे बॉम्बहल्ले करण्याची सोय होती. व्हिएतनाम! एफ-१५ विमान प्रत्यक्ष सेवेत आले १९७६ मध्ये; सायगाव मुक्त झाले ३० एप्रिल १९७५ रोजी. म्हणजे जे युद्ध अमेरिकी साम्राज्यवादाने जमिनीवर गमावले ते, त्या युद्धात नसलेल्या विमानाने, घरबसल्या पुन्हा लढण्याची ही व्यवस्था होती. वळणाचा अंश चुकला तर आकांत करणाऱ्यांनी हा कालविपर्यास मात्र खपवून घेतला.

आणि हानोईवर खरे काय पडले होते? १९७२ च्या डिसेंबरात बी-५२ विमानांनी बारा दिवस-रात्रींच्या मोहिमेत हानोई-हायफाँग परिसर भाजून काढला. २२ डिसेंबरला बाख माई रुग्णालय उद्ध्वस्त झाले, २६ डिसेंबरला खाम थिएन ही गजबजलेली वस्ती जमीनदोस्त झाली आणि त्या एका रस्त्यावर अडीचशेहून अधिक माणसे मेली. ज्यांनी त्या काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ ही घोषणा दिली त्यांना हे आकडे सांगण्याची आवश्यकता नाही. पण त्यांच्या नातवंडांना आहे. कारण नातवंडांच्या पडद्यावर हानोई म्हणजे विमानवेधी तोफांचे काही ठिपके आणि एक लक्ष्यबिंदू एवढेच असते.

१९९१ मध्ये याच कंपनीने रडारला न दिसणाऱ्या एफ-११७ विमानाचा खेळ बाजारात आणला. त्याच वर्षी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे, खऱ्या एफ-११७ विमानांनी बगदादमधील अमिरिया आश्रयस्थानावर लेसर-नियंत्रित दोन बॉम्ब टाकले. अमेरिकेने ते लष्करी नियंत्रण-केंद्र असल्याचे सांगितले. आत झोपलेली चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. नेम चुकला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या बॉम्बने छप्पर फोडले, दुसरा त्याच भोकातून आत गेला. ‘वास्तवदर्शी’ खेळात यालाच अचूक कामगिरी म्हणतात आणि तिला गुण मिळतात. रडारची प्रत्येक लहर मोजणाऱ्या गणिताला त्या तळघरातील उष्णता मोजणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे कोणी आम्हांला सांगू नये. ती मोजली जात नाही कारण तिला गिऱ्हाईक नाही, आणि ज्यांच्या परवानगीवर हा धंदा चालतो त्यांना ती मोजलेली नको आहे.

परवानगीचा विषय निघालाच आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्रुमन कंपनीची विमाने अमेरिकी जनतेच्या करातून विकत घेतली गेली आणि त्यांतून लढणारी मुले शेतकऱ्या-कामगारांची होती. तरीही २००४ च्या ‘पॅसिफिक फायटर्स’ या खेळात या विमानांची नावे वापरल्यावरून नॉर्थ्रप ग्रुमन ही मक्तेदार कंपनी हक्क सांगत पुढे आली आणि खेळाच्या कर्त्यांना माघार घ्यावी लागली. २०१२ मध्ये बेल हेलिकॉप्टरची मालक टेक्स्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स यांच्यात ‘बॅटलफील्ड ३’ मधील हेलिकॉप्टरांवरून असाच वाद न्यायालयात गेला. विमान जनतेच्या पैशाचे, रक्त जनतेचे, आणि त्या विमानाच्या नावावर व आकारावर खंडणी मात्र भागधारकांची!

या पार्श्वभूमीवर एफ-३५ कडे पाहावे. या विमानाची खरी कामगिरी गुप्त आहे. मग ‘वास्तव’ आणणार कोठून, हा प्रश्न प्रथम हौशी मंडळींनीच विचारला, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. कंपनीचे उत्तर असे की उघडपणे उपलब्ध असलेल्या माहितीवरून. एफ-३५ बद्दल उघडपणे उपलब्ध असलेली माहिती म्हणजे बव्हंशी लॉकहीड मार्टिनने आणि अमेरिकी हवाई दलाने उपलब्ध होऊ दिलेली माहिती. एक उघड माहिती मात्र खेळात शिरण्याची चिन्हे नाहीत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदविले की यांपैकी सुमारे ५५ टक्केच विमाने कोणत्याही क्षणी कामगिरीस सज्ज होती. आणि २०२४ मध्ये याच कार्यालयाने या विमान-योजनेचा आयुष्यभराचा खर्च दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचे दाखविले. खेळ खरोखर वास्तवदर्शी असता तर दहांपैकी चार-पाच वेळा विमान हँगरबाहेरच येता कामा नये. असा खेळ कोण विकत घेईल? आणि असे विमान आपण का विकत घ्यावे?

सत्याच्या हट्टापायी ही मंडळी किती दूर जातात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. ‘वॉर थंडर’ नावाच्या दुसऱ्या एका खेळाच्या चर्चेत, आपलेच म्हणणे खरे हे सिद्ध करण्यासाठी, २०२१ मध्ये एकाने ब्रिटिश चॅलेंजर-२ रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतील पाने उघड केली. २०२३ मध्ये एफ-१६ विमानाच्या निर्बंधित कागदपत्रांची तीच गत झाली. रणगाड्याच्या बुरुजाविषयी खोटे सहन होत नाही म्हणून नोकरी आणि तुरुंग दोन्हींची जोखीम पत्करणारी ही माणसे! हाच हट्ट अमिरियाविषयी, खाम थिएनविषयी धरला गेला असता तर मंत्र्यांना पत्रकार परिषदा घेणे अवघड झाले असते.

तसे न झाल्यामुळे उलटेच घडले आहे. खेळ युद्धासारखा दिसू लागल्यावर युद्ध खेळासारखे विकणे सोपे झाले. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘कीव्हचे भूत’ म्हणून गाजलेल्या वैमानिकाच्या पराक्रमाची जी चित्रफीत युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाच्या खात्यावरूनही फिरली ती ‘डीसीएस’ खेळातील होती. एप्रिलअखेर त्या देशाच्या हवाई दलानेच हा वैमानिक दंतकथा असल्याचे मान्य केले. २०२१ च्या सप्टेंबरात आपल्याकडील काही वृत्तवाहिन्यांनी ‘आर्मा ३’ खेळातील दृश्ये पंजशीरवरील पाकिस्तानी हल्ला म्हणून दाखविली. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरून अशाच खेळाचे दृश्य आपल्या सेनेची मर्दुमकी म्हणून प्रसृत झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सत्ताधारी वर्गांना एकच पडदा पुरतो.

शेवटी आपल्या घरचे. ३१ जुलै २०१९ रोजी भारतीय हवाई दलाने स्वतःचा भ्रमणध्वनीवरील खेळ प्रकाशित केला. त्याच्या जाहिरातीत झळकणारा मिशीवाला वैमानिक कोणावर बेतला आहे हे सांगावे लागत नव्हते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तो वैमानिक ज्या मिग-२१ मधून पडला ते विमान साऱ्या देशाला ठाऊक झाले. त्याच सकाळी बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले आणि हवाई दलाचे सहा जण व एक नागरिक मेले. त्याचा खेळ कोणी काढत नसतो. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली होती आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. खेळात मेल्यावर पुन्हा उडता येते.

मिग-२१ चा ‘वास्तवदर्शी’ खेळ २०१४ पासून मिळतो. खरे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे सेवेतून निवृत्त झाले. त्याचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापूटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला कामगारांच्या हातांनी घडत. ज्या वर्षी सरकारने वैमानिकाचा खेळ काढला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझरसह नऊ ठिकाणच्या सुमारे वीस हजार कामगारांनी २०१७ पासून थकलेल्या वेतनकरारासाठी संप पुकारला. अधिकाऱ्यांना भरघोस वाढ आणि कामगारांना तुटपुंजी, ही त्यांची तक्रार होती. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आठवड्याभरात संप स्थगित करावा लागला. आपल्या शाखांतील जे तरुण रात्र-रात्र जागून मिग-२१ चे इंजिन पडद्यावर सुरू करण्यास शिकले आहेत, त्यांना ओझरच्या फाटकापाशी एकदा घेऊन जावे. तेथील जुना फिटर त्यांच्या प्रश्नांना कोणत्याही पुस्तिकेपेक्षा नेमके उत्तर देईल, आणि त्यानंतर तो त्यांना आपल्या पगाराची पावती दाखवील.