आधी गेम सांगा, मग डिस्ट्रो!

दहिवलीहून कर्जत स्टेशन येईपर्यंत मित्रांचा एकच वाद: गेमिंगसाठी बझाइट की मिंट? अरे बाबांनो, प्रश्नच उलटा आहे! लिनक्सवर विंडोजचे गेम चालवतं ते २०१८ साली आलेलं व्हॉल्व्हचं प्रोटॉन, आणि ते दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर किती ताजे यावर. एएमडीचं नवंकोरं कार्ड असेल तर फेडोरा घ्या. जुन्याला मिंट पुरे. 'व्हॅलोरंट' मात्र कुठल्याच डिस्ट्रोवर चालणार नाही, त्याचं अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. (डेस्कटॉपची थीम बघून डिस्ट्रो निवडणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.) ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला म्हणून धडधाकट पीसी भंगारात काढताय? थांबा, आधी तुमच्या गेम्सची यादी काढा.