मांड ठोकण्यापूर्वी

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथून घेतलेला घोडा नव्या पागेत येतो आणि दुसऱ्याच दिवशी आपण त्याच्यावर मांड ठोकू पाहतो. तो बिथरला की 'जनावर द्वाड आहे' म्हणून मोकळे होतो. हा न्याय आम्हांस मान्य नाही. घोडा कळपाचा प्राणी. त्याचे ठाण, सोबती सारेच बदललेले असते. चंदीसुद्धा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावी, अन्यथा पोटशूळ उठतो. तोवर खरारा करावा, लगाम धरून पायी हिंडवावे. पुढे स्वार झाल्यावरही तोल जाताच लगाम ओढतो तो आपलाच हात. दुखते मात्र घोड्याचे तोंड. मांड पक्की होणे म्हणजे घोडा नमणे नव्हे. स्वाराने स्वतःला सावरणे होय.